नाताळच्या चित्रपटांत सुवार्ता कुठे दिसते आणि कुठे थांबते

'इट्स अ वंडरफुल लाइफ' या १९४६ सालच्या चित्रपटात जॉर्ज बेली हा नायक नाताळच्या आदल्या रात्री एका मद्यगृहात बसून प्रार्थना करतो. आपण प्रार्थना करणाऱ्यांपैकी नाही, हे तो आधीच कबूल करतो आणि मग देवाने आपल्याला मार्ग दाखवावा अशी विनवणी करतो. पुढच्याच क्षणी शेजारी बसलेला एक माणूस त्याच्या तोंडावर ठोसा मारतो, कारण थोड्या वेळापूर्वी जॉर्जने त्या माणसाच्या शिक्षिका पत्नीला टेलिफोनवर वाटेल तसे बोलून रडवलेले असते. प्रार्थनेचे हे असे फळ मिळाले, असे जॉर्ज कडवटपणे म्हणतो. देवदूत भेटतो तो त्यानंतर. हा चित्रपट केवळ 'एकमेकांशी प्रेमाने वागा' एवढेच सांगत असता, तर या प्रसंगाला त्यात काहीच काम नसते. प्रार्थना, तिचे न मिळालेले उत्तर, स्वतःच्या वागण्याचा भोगावा लागलेला परिणाम आणि तरीही वाटेवर असलेली मदत, हे सारे त्या दोन मिनिटांत आले आहे, आणि ख्रिस्ती प्रेक्षकाने थांबून पाहावे असे ठिकाण हेच आहे.

नाताळच्या सुमारास पाहिल्या जाणाऱ्या चित्रपटांतून ख्रिस्ती बोध शोधण्याचा प्रयत्न मंडळ्यांत, शब्बाथ शाळांत आणि कुटुंबांत आवडीने केला जातो, परंतु बहुतेक वेळा तो दया, औदार्य आणि कौटुंबिक जिव्हाळा या तीन गोष्टींपाशी येऊन थांबतो. या गोष्टी चांगल्या आहेत, यात शंका नाही. मात्र त्या सांगण्यासाठी ख्रिस्तजन्माची गरज नाही. कोणताही सुजाण माणूस, कोणत्याही धर्माचा असो वा कोणताही धर्म न मानणारा असो, हेच सांगेल. ख्रिस्ती श्रद्धेचा नाताळविषयीचा दावा याहून पुष्कळ धीट आहे. ज्यांना देवापर्यंत पोहोचता येत नव्हते, त्यांच्यापर्यंत देव स्वतः आला, तोही एका असहाय अर्भकाच्या देहात. त्याचे येणे कोणाच्या पुण्याईचे बक्षीस नव्हते, आणि त्या येण्याची किंमत पुढे वधस्तंभावर त्यानेच चुकवली. प्रेषित पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात म्हणतो की, आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मरण पावला. 'कृपा' या शब्दाने ख्रिस्ती लोकांना जे म्हणायचे असते, ते या एका विधानात आहे.

म्हणून चित्रपट पाहताना मनात ठेवावेत असे प्रश्न अगदी साधे आहेत. पुढाकार कोणी घेतला? ज्याला मदत मिळाली, तो तिला पात्र होता का? आणि त्या मदतीची किंमत कोणी मोजली? या प्रश्नांची उत्तरे शोधू लागलो, की वरवर सारखे दिसणारे चित्रपट एकमेकांपासून स्पष्टपणे वेगळे दिसू लागतात.

आणखी एक भेद आधीच ध्यानात घेतलेला बरा. काही थोड्या चित्रपटांत पवित्र शास्त्राचे शब्द उघडपणे उच्चारलेले असतात. पुष्कळ चित्रपटांत ते शब्द नसतात, पण कथेचा सांगाडा शतकानुशतकांच्या ख्रिस्ती संस्कारातून आलेला असतो. पश्चात्ताप, दुसरी संधी, हरवलेल्याचा शोध या गोष्टी लेखकाने ठरवून घातलेल्या नसल्या, तरी त्या तिथे असतात. तिसऱ्या प्रकारात मात्र चित्रपटात काहीच नसते आणि आपणच ते ओढूनताणून बसवतो. प्रत्येक ताऱ्यात बेथलेहेमचा तारा आणि भेटवस्तू घेऊन आलेल्या प्रत्येक तिघांत मागी लोक, म्हणजे बाळ येशूला भेटायला आलेले पूर्वेकडील ज्ञानी, पाहण्याचा हा मोह टाळलाच पाहिजे, कारण त्यात चित्रपटावरही अन्याय होतो आणि शास्त्रवचनावरही.

लौकिक कथेतून धार्मिक सत्याकडे जाणे मुळात योग्य आहे का, अशी शंका काहींना येते. तिला शास्त्रातच उत्तर आहे. अथेन्समधील अरीयपग या सभास्थानी बोलताना पौलाने ग्रीक कवींचे शब्द आधाराला घेतले, हे प्रेषितांच्या कृत्यांच्या सतराव्या अध्यायात नोंदलेले आहे. त्याहूनही बोलके उदाहरण नाथान संदेष्ट्याचे आहे. दावीद राजाच्या पापावर थेट बोट न ठेवता त्याने एका गरिबाच्या एकुलत्या एका मेंढीची गोष्ट सांगितली, राजाचा संताप अनावर होऊ दिला, आणि मग 'तो मनुष्य तूच आहेस' असे सांगितले. गोष्ट बेसावध मनात शिरते आणि आतून दार उघडते, हे नाथानाला ठाऊक होते. कथा पाहून दुसऱ्या कोणाचा दोष दिसला, तर काम अर्धेच झाले. आपला स्वतःचा दिसला, तर ती कथा पुरती पोहोचली.

या कसोटीवर सर्वांत समृद्ध ठरणारी कथा म्हणजे चार्ल्स डिकन्सची 'अ क्रिसमस कॅरल'. डिसेंबर १८४३ मध्ये प्रकाशित झालेल्या या छोट्या पुस्तकावर असंख्य चित्रपट निघाले. त्यांत १९५१ सालचा अ‍ॅलेस्टर सिम यांचा आणि बाहुल्यांच्या संगतीने मायकेल केन यांनी साकारलेला १९९२ सालचा, हे दोन विशेष लोकप्रिय आहेत. कंजूष एबेनेझर स्क्रूज नाताळच्या निमित्ताने सुधारतो, असा या कथेचा सारांश सांगितला जातो, पण त्या सारांशातून कथेतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट निसटते: स्क्रूजने सुधारण्याची इच्छा कधीच व्यक्त केलेली नव्हती. पैशाच्या पेट्या, कुलपे आणि हिशेबाच्या वह्या यांची साखळी अंगावर वागवत त्याचा मेलेला भागीदार मार्ली येतो आणि तुझ्यासाठी सुटकेची संधी मी मिळवली आहे, असे त्याला सांगतो. पुढाकार संपूर्णपणे बाहेरून आलेला आहे.

इथे लूककृत शुभवर्तमानाचा सोळावा अध्याय शेजारी ठेवून वाचावा. श्रीमंत मनुष्य आणि दरिद्री लाजर यांच्या दृष्टांतात तो श्रीमंत मनुष्य मरणानंतर यातना भोगत असताना अब्राहामाला विनवतो की, लाजराला माझ्या भावांकडे पाठव, म्हणजे ते तरी सावध होतील. अब्राहाम नकार देतो. मोशे व संदेष्टे यांचे जे ऐकत नाहीत, ते मेलेल्यांतून कोणी उठून गेला तरी ऐकणार नाहीत, असे तो म्हणतो. डिकन्सने नेमकी तीच नाकारलेली विनंती आपल्या कथेत मान्य केली आहे: मेलेला माणूस परत येतो, जिवंताला सावध करतो, आणि जिवंत माणूस ऐकतो. दोन्ही कथांत कठोर श्रीमंत आहे, दाराशी उपेक्षित गरीब आहे, मृत्यूनंतरची जाणीव आहे. शेवट मात्र उलट आहे. चित्रपटाच्या आशेचा आनंद घेतल्यावर दृष्टांताचा इशारा वाचला, म्हणजे लक्षात येते की मार्लीची वाट पाहत बसण्याची परवानगी कोणालाच नाही. ऐकायचे ते शब्द आधीच हाती दिलेले आहेत.

स्क्रूजच्या पश्चात्तापाचे स्वरूपही पाहण्यासारखे आहे. तो केवळ हळहळत नाही. आदल्या दिवशी ज्या सद्गृहस्थांना त्याने रिकाम्या हाती घालवले होते, त्यांना गाठून तो मोठी रक्कम देऊ करतो आणि तीत मागची थकबाकीही धरली आहे, असे सांगतो. कारकुनाचा पगार वाढवतो. भाच्याच्या दारात जाऊन आत घेशील का, असे विचारतो. लूकच्या एकोणिसाव्या अध्यायातील जक्कय या जकातदाराची आठवण इथे अपरिहार्य आहे. तोही श्रीमंत, तोही लोकांना नकोसा. येशू त्याला नावाने हाक मारून आज तुझ्या घरी उतरणार म्हणतो, आणि त्यानंतर तो अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत करण्याचे वचन देतो. हाक आधी आणि परतफेड नंतर, हा क्रम मुलांना समजावताना विशेष जपावा, कारण तो उलटा झाला की देवाचे प्रेम विकत घ्यावे लागते असा अर्थ निघतो. आणि भाच्याच्या घराचा प्रसंग मला स्वतःला संपूर्ण कथेत सर्वाधिक सुवार्तेच्या जवळचा वाटतो. ज्या आमंत्रणाचा स्क्रूजने आदल्या दिवशी उपहास केला होता, ते मागे घेतले गेलेले नसते. पंगतीत त्याची जागा असतेच.

या कथेची मर्यादाही सांगितली पाहिजे. स्क्रूजला अखेरचा धक्का बसतो तो स्वतःची ओसाड कबर पाहून, आणि भीतीने आलेला बदल कितपत टिकेल, हा प्रश्न कथा विचारत नाही. मूळ पुस्तकात स्क्रूजच्या कारकुनाचा लंगडा मुलगा टायनी टिम उपासनेहून परतताना म्हणतो की, मला पाहून लोकांना पांगळ्यांना चालवणाऱ्या आणि आंधळ्यांना दृष्टी देणाऱ्याची आठवण झाली तर बरे. स्क्रूजही नाताळच्या सकाळी चर्चमध्ये जातो. आपण पाहत असलेल्या रूपांतरात या दोन गोष्टी ठेवल्या आहेत की वगळल्या आहेत, हे पाहिले, तर त्या दिग्दर्शकाने कथेचे मूळ कितपत जपले आहे, ते समजते.

आता पुन्हा जॉर्ज बेलीकडे वळू. पहिल्या प्रदर्शनात या चित्रपटाला तिकीटबारीवर अपेक्षित यश मिळाले नव्हते. १९७४ मध्ये त्याच्या स्वामित्वहक्काचे नूतनीकरण राहून गेले, दूरचित्रवाणी केंद्रांनी तो वारंवार दाखवला, आणि तेव्हापासून तो नाताळचा चित्रपट म्हणून घरोघरी पोहोचला. कथेची सुरुवातच प्रार्थनांनी होते. गावातील अनेक जण जॉर्जसाठी देवाला आळवत आहेत आणि जॉर्जला त्याची कल्पनाही नाही. मध्यस्थीच्या प्रार्थनेचे इतके नेमके चित्रण लोकप्रिय चित्रपटांत क्वचितच आढळते: आपण एकटे पडलो असे वाटत असतानाच इतर कोणी तरी आपले नाव देवापुढे घेत असते.

क्लॅरन्स हा देवदूत जॉर्जला वाचवतो, ती रीत विलक्षण आहे. जॉर्ज पुलावरून नदीत उडी टाकण्याच्या बेतात असताना क्लॅरन्स स्वतःच आधी पाण्यात पडतो आणि मदतीसाठी ओरडतो. जॉर्ज आपले दुःख विसरून त्याला बाहेर काढण्यासाठी उडी घेतो आणि त्यामुळेच वाचतो. वाचवणारा दुबळा होऊन येतो. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात ख्रिस्ताने स्वतःला रिक्त केले असे म्हटले आहे, आणि गव्हाणीतील बाळ हा त्या रिक्ततेचा पहिला पुरावा आहे. क्लॅरन्स म्हणजे ख्रिस्त नव्हे, आणि तसे म्हणण्याची गरजही नाही. पण सामर्थ्याने हिसकावून नेण्यापेक्षा गरजवंत होऊन जवळ येणे ही देवाची रीत आहे, हे समजण्यासाठी हा प्रसंग उत्तम आहे.

याच चित्रपटातील आणखी एक तपशील घाईत सुटून जातो. जॉर्जच्या काकांच्या हातून आठ हजार डॉलर हरवलेले असतात आणि ते दुष्ट सावकार पॉटरने दडवलेले असतात. आपण जन्मलोच नसतो तर जग कसे असते, हे क्लॅरन्सने दाखवल्यानंतर आयुष्य परत मिळालेला जॉर्ज आनंदाने धावत घरी येतो, तेव्हा पैसे मिळालेले नाहीत, अटकेची तयारी झालेली आहे, आणि तुरुंगात जावे लागेल हे तो हसत हसत बोलून दाखवतो. गावकरी पैसे घेऊन येतात ते नंतर. आनंद आधी आणि सुटका नंतर, हा क्रम चित्रपटाने मुद्दाम ठेवला आहे. पॉटरला शेवटपर्यंत शिक्षा होत नाही, याबद्दल अनेक प्रेक्षक नाराज असतात. सूड उगवणे माझ्याकडे आहे, असे प्रभू म्हणतो, हे रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायातील वचन चर्चेला घेण्याची हीच संधी आहे.

मात्र घंटा वाजली की एखाद्या देवदूताला पंख मिळतात आणि ते त्याच्या कामगिरीवर अवलंबून असतात, ही या चित्रपटातील कल्पना ख्रिस्ती शिकवणीतील नाही. मेलेली माणसे देवदूत होतात, असेही शास्त्र शिकवत नाही. इब्री लोकांस पत्राच्या पहिल्या अध्यायात देवदूतांना सेवा करणारे आत्मे म्हटले आहे, आणि ते मानवांहून वेगळे आहेत. घरात नुकतेच कोणी वारले असेल, तर हा खुलासा हळुवारपणे आणि योग्य वेळ पाहून करावा.

'होम अलोन' या १९९० सालच्या विनोदी चित्रपटात असे काही सापडेल, असे प्रथम वाटत नाही. घरात शिरणाऱ्या चोरांना घडवलेल्या शिक्षेतील मारहाणीचे समर्थन करण्याचे कारणही नाही. परंतु त्याच्या मध्यभागी चर्चमधील एक शांत प्रसंग आहे. कुटुंब सुट्टीला पॅरिसला गेल्यावर चुकून घरी एकट्याच राहिलेल्या लहानग्या केव्हिनला ज्याची भीती वाटते, तो म्हातारा शेजारी मार्ली आपल्या नातीचे गाणे ऐकण्यासाठी तालमीच्या वेळी येऊन बसलेला असतो, कारण मुलाशी भांडण झाल्यामुळे त्याला प्रत्यक्ष भेटीला जाता येत नाही. केव्हिन त्याला मुलाला टेलिफोन करायला सुचवतो. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात येशू सांगतो की, अर्पण वेदीजवळ आणल्यावर भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करावा. म्हाताऱ्याला तो सल्ला चर्चच्या बाकावरच मिळतो, आणि शेवटी आपल्याला तो कुटुंबाला कवटाळताना दिसतो. दुसरीकडे, ज्या मुलाने तुम्ही सगळे नाहीसे व्हा असे म्हटले होते, त्याच्यासाठी त्याची आई पॅरिसहून विमाने बदलत आणि अखेरीस अनोळखी वादकांच्या गाडीत बसून परतते. लूकच्या पंधराव्या अध्यायातील हरवलेल्या मेंढराच्या शोधात निघालेल्या मेंढपाळाची ओळख मुलांना करून द्यायची असेल, तर ही आई पुरेशी आहे.

नाताळचा तिरस्कार करणाऱ्या ग्रिंचची कथा दूरचित्रवाणीवर १९६६ मध्ये आली आणि पुढे २००० व २०१८ मध्ये तिचे चित्रपट झाले. ग्रिंच हूव्हिल या गावातील भेटवस्तू, सजावट आणि खाद्यपदार्थ चोरून नेतो, तरीही, मूळ कथेत, सकाळी गावकरी हातात हात घेऊन गातात. अंजिराचे झाड फुलले नाही, द्राक्षवेलींना फळ आले नाही, गोठ्यात गुरे उरली नाहीत, तरी मी आनंद करीन, असे म्हणणाऱ्या हबक्कूक संदेष्ट्याच्या शेवटच्या अध्यायाचा हा जणू दृश्य पाठ आहे. फरक एकच, पण मूलभूत आहे: हबक्कूक आपण कोणाच्या ठायी आनंद करतो, ते सांगतो, हूव्हिलचे लोक कोणासाठी गातात, ते कळत नाही. ग्रिंचचे हृदय तीन पट मोठे होते, तेव्हा यहेज्केलच्या छत्तिसाव्या अध्यायातील पाषाणमय हृदय काढून मांसमय हृदय देण्याचे अभिवचन जरूर वाचावे, कारण तिथे ते हृदय देणाऱ्याचेही नाव आहे.

'श्रद्धा ठेवा' असा घोष करणाऱ्या चित्रपटांबद्दल मात्र मी थोडा कठोर आहे. १९४७ सालच्या 'मिरॅकल ऑन थर्टी-फोर्थ स्ट्रीट' मध्ये, व्यवहारबुद्धी नको म्हणत असतानाही विश्वास ठेवणे म्हणजे श्रद्धा, असे सांगितले जाते, आणि २००४ सालच्या 'द पोलर एक्स्प्रेस' मध्येही विश्वास ठेवण्यालाच महत्त्व आहे, तो कशावर ठेवायचा याला फारसे नाही. ख्रिस्ती विश्वासाचे बळ विश्वास ठेवणाऱ्याच्या मनात नसते, ज्याच्यावर विश्वास ठेवला त्याच्यात असते. ख्रिस्त उठवला गेला नसेल तर तुमचा विश्वास निष्फळ आहे, असे पौल करिंथकरांस स्पष्ट लिहितो. म्हणजे तो विश्वास एका घटनेवर उभा आहे आणि ती खोटी ठरली तर तो सोडून द्यायची त्याची तयारी आहे. सांताक्लॉजवरील विश्वासाशी त्याची सरमिसळ झाली, तर एका वयात दोन्ही एकदमच गळून पडण्याचा धोका असतो.

या बहुतेक चित्रपटांतून काय गाळले जाते, तेही पाहावे. जवळजवळ सगळेच चित्रपट घरी, उबेत, कुटुंबाच्या मध्यभागी संपतात. लूक मात्र सांगतो की उतारशाळेत जागा नव्हती, आणि मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायात हेरोद राजा बाळाचा घात करण्यासाठी त्याचा शोध करणार, असे देवदूताने स्वप्नात सांगितले म्हणून योसेफ व मरीया बाळाला घेऊन रातोरात मिसर देशात पळाले, असे आहे. पहिल्या नाताळात कुटुंब होते, पण ते विस्थापित होते. ज्याचे घर मोडले आहे, ज्याचे माणूस गेले आहे, ज्याला या सणाला कोणीच बोलावत नाही, त्याला चित्रपटातील भरलेले घर पाहून आपण सणाबाहेर आहोत असे वाटू शकते. शुभवर्तमानातील गोष्ट त्याच्यापासूनच सुरू होते, हे त्याला कोणीतरी सांगितले पाहिजे.

प्रत्यक्षात हे सारे करताना चित्रपट आधी चित्रपट म्हणून पूर्ण पाहू द्यावा. मध्येच थांबवून बोध सांगितला, की मुले बोधही विसरतात आणि चित्रपटही. नंतर 'यातून काय शिकलास?' असे न विचारता 'तुला सर्वांत जास्त कोणाचे वाईट वाटले?' किंवा 'कोणाला न मागता काही मिळाले?' असे विचारावे, आणि बोलणे रंगल्यावर शास्त्रातील एकच उतारा उघडावा.

सुरुवात करायला 'अ चार्ली ब्राउन क्रिसमस' सर्वांत सोयीचा आहे. १९६५ सालचा हा अर्ध्या तासाचा कार्यक्रम उघडपणे शास्त्र वाचतो: नाताळचा अर्थ कोणाला ठाऊक आहे का, असे चार्ली ब्राउन कळवळून विचारतो आणि लायनस लूकच्या दुसऱ्या अध्यायातील आठ ते चौदा ही वचने म्हणून दाखवतो. जे पांघरूण तो कधीच हातातून सोडत नाही, ते 'भिऊ नका' हे शब्द उच्चारताना त्याच्या हातून खाली सुटते. हे मुलांना स्वतः हेरू द्यावे. त्याचे पठण देवदूतांच्या स्तुतीपाशी थांबते, म्हणून कार्यक्रम संपल्यावर शुभवर्तमान उघडून पंधरा ते वीस ही पुढची वचने वाचावीत, कारण मेंढपाळ बेथलेहेमला जाऊन बाळ पाहतात आणि परतताना भेटलेल्यांना ते सांगतात, हा भाग तिथे आहे.